एक कोयता म्हणजे किती माणसं?

मराठवाड्यातल्या ४६ आमदारांना खुले पत्र

सन्माननीय आमदार,

माझ्याकडे एका वहीचं पान आहे. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीचं. किराणा दुकानात उधारीची असते तशी लांबुळकी, लाल पुठ्ठ्याची वही होती ती. पानावर बावीस नावं आहेत, सगळी पुरुषांची. अकरावं नाव माझ्या वडिलांचं. त्यापुढे उचलीची, म्हणजे हंगामाआधी आगाऊ घेतलेल्या पैशांची रक्कम आणि शेवटच्या रकान्यात ‘१ कोयता’.

आई त्या पानावर कुठेच नाही. पहाटे चारला उठून कोपीपुढच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढच्या चुलीवर भाकरी थापायची, उजाडायच्या आत उसाच्या फडात उतरायचं, वडील तोडत जातील तशी मागून मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. रात्री गाडी भरायला आली तर रात्री. एवढं करून ती वहीत नाही. मी आठवीत असताना मुकादम मामांना विचारलं होतं, आईचं नाव का नाही लिहिलं? ते हसले. म्हणाले, “तुझ्या बापाचं लिवलंय की. ती काय येगळी हाय का?”

कोयता म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. आपल्यातल्या कित्येकांच्या मतदारसंघातून दसरा झाला की गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी असेल तर अर्धा. हिशेब टनावर, टन कोयत्यावर आणि कोयता नवऱ्याच्या नावावर. आज हे सगळं पुन्हा उगाळते आहे, कारण ‘ती काय येगळी हाय का’ या एका वाक्यापाशी आपले सगळे कामगार कायदे येऊन थांबतात. मला हे कळायला फार वर्षं लागली.

मी आता वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. बारा वर्षं झाली. मस्टर, गेटपास, ठेकेदारांची बिलं, पीएफ आणि ईएसआयची (कामगार विम्याची) चलनं. माणसांची नावं लिहिणं हाच माझा धंदा. मधल्या काळात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन कामगार कायद्याचा डिप्लोमाही केला. त्यामुळे कायदा पुस्तकात कसा दिसतो आणि मस्टरवर कसा दिसतो, दोन्ही मला ठाऊक आहे.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांना इथेच थांबता येईल. खासगी नोकरीत, ठेक्यावर, दुकानात आणि फडात जात, धर्म, लिंग, लग्न, गरोदरपण, अपंगत्व यांवरून भेद करायला बंदी घालणारा आणि ती बंदी कामगार खात्याच्या हाती देणारा कायदा महाराष्ट्राने करावा. सरकार आणत नसेल तर आपण मिळून अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारांचं विधेयक, आणावं.

मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे, कारण तिकडून काय उत्तर येईल ते मला तोंडपाठ आहे. ‘सदर विषय केंद्र शासनाच्या अखत्यारीतील असल्याने...’ तसं नाही. कामगार हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा विषय आहे. केंद्राच्या कायद्याशी कुठे विसंगती येत असेल तर संविधानाच्या अनुच्छेद २५४(२) खाली राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागते, एवढंच. आणि दिल्लीची वाट न बघता आधी कायदा करून मोकळं होणं ही तर या राज्याची जुनी खोड आहे.

गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून लावून धरलेली रविवारच्या सुट्टीची मागणी १० जून १८९० ला मान्य झाली, ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत असते. त्यापुढचे कायदे तासांचे, पगाराचे, अपघाताच्या भरपाईचे. पण गिरणीच्या भिंतीच्या आत आणखी एक गोष्ट चालू होती आणि ती तासांच्या कायद्यात बसत नव्हती. कापड विणायच्या खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय, तर कांडी संपली की नवीन कांडीचं सूत धोट्याच्या (मागावर आडवं सूत नेणाऱ्या शटलच्या) भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. त्याचं तोंड लागलेल्या धोट्याला दुसऱ्याने तोंड कसं लावायचं? आणि नेमकं विणकाम खातंच जास्त पगाराचं. कुणी कुणाला शिवी दिली नाही, हात उगारला नाही, फक्त एका खात्याचं दार बंद ठेवलं. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा लाल झेंड्याच्या त्या मंडळींनीही खळखळ करतच तो मागण्यांत घेतला.

त्याच वर्षी मुंबईच्या कायदे कौन्सिलात आसवले यांनी बाळंतपणाच्या लाभाचं विधेयक आणलं. ते सरकारी सभासद नव्हते, हे कृपया लक्षात ठेवा. २८ जुलै १९२८ ला बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाआधी बाईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचंच हित आहे आणि तिच्या कामाचा नफा घेणाऱ्या मालकाने त्या भाराचा काही वाटा उचललाच पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला. साऱ्या देशातल्या कारखान्यांसाठी तसा कायदा यायला १९६१ उजाडलं. बत्तीस वर्षं!

आपण मात्र तेव्हा त्या हद्दीत नव्हतो. मुंबईचा कायदा नांदेडच्या उस्मानशाही गिरणीच्या फाटकापर्यंत पोचत नव्हता, मध्ये निजामाची वेस होती. आपली सुटका १७ सप्टेंबर १९४८ ला झाली आणि मुंबई राज्यात आपण आलो १ नोव्हेंबर १९५६ ला. माझे पणजोबा वेठीला जात. गावात कुणी अंमलदार आला की गाडी जुंपायची, लाकडं फोडायची, पैशाचं नाव काढायचं नाही. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगार बंद केली, हे आमच्या घराण्यात आलेलं कामगार कायद्याचं पहिलं अक्षर.

(दर १४ एप्रिलला मोबाइलवर एक संदेश फिरतो की बाबासाहेबांनी कामाचे तास चौदावरून आठ केले. आमच्या कारखान्यातल्या नोटीस बोर्डावरही तो लागला होता. खरी गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते अधिक मोठी. १९३४ च्या कायद्याने आठवड्याचे तास ५४ वर आले होते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते १९४६ मजूर खातं सांभाळत होते, त्या काळातल्या कामातून १९४६ ची दुरुस्ती आली आणि तास ४८ झाले. त्यांच्याच कारकिर्दीत सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाशी बसवायची पद्धत रुळली. चौदाचे आठ करायची गरज नाही, चोपन्नचे अठ्ठेचाळीस पुरेसे आहेत.)

आमच्या घरात कायदा माणसासारखा वागला असा एकच काळ मला ऐकून ठाऊक आहे, तो बहात्तरच्या दुष्काळानंतरचा. आजी सांगायची. विहिरींनी तळ दाखवला, जनावरं सोडून दिली, खायला लाल मिलो आणि कामावर सुकडी. नाल्याचं काम, पाझर तलावाचं काम आणि सगळ्यात जास्त म्हणजे खडी फोडणं. डोक्याला फडकं, समोर दगडाचा ढीग, एका हाताने धरायचं नि दुसऱ्या हाताने हातोडा. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख त्या वर्षी गेलं ते पुढे वेडंवाकडंच आलं. पण बोलताना ती नखाबद्दल कमी आणि मस्टरबद्दल जास्त बोलायची. “कारकून माझं नाव घ्यायचा,” म्हणायची. “अंगठा माझा. पैसं माझ्या हातात.” सासरी तिला कोणी नावाने हाक मारत नव्हतं. सरकारच्या मस्टरवर ते नाव पंधरा दिवसाला एकदा मोठ्याने वाचलं जायचं.

वि. स. पागे यांनी आखलेली ती योजना पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाली, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाली. मागेल त्याला काम, आणि बाई-पुरुष असा भेद न करता एकच दर. पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. आजही माझ्या पगारातून महिन्याला कापला जातो आणि ती स्लिप बघून मला कधीही राग येत नाही. देशाचा रोजगार हमी कायदा २००५ मध्ये आला, तोही महाराष्ट्राकडे बघून.

म्हणजे बघा, माझ्या आजीचं नाव मस्टरवर होतं, आणि तिच्या मुलीचं, माझ्या आईचं, वीस वर्षांनंतरच्या वहीत नाही. आजी शिकलेली नव्हती, आईही नाही. आजीच्या बाजूने मात्र कायदा लिहिणारा कुणीतरी बसला होता.

आता कुणी म्हणेल, समान वेतनाचा कायदा १९७६ पासून होता आणि आता तो वेतन संहितेत आहे. आहे की. समान किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला बाईला कमी पगार देता येणार नाही, भरतीतही भेद करता येणार नाही. १९८७ मध्ये मुंबईच्या एका स्टेनोग्राफर बाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काम सारखं आहे का, हे बारीकसारीक फरक धुंडाळून नव्हे तर ढोबळ मानाने बघायचं. सुंदर निकाल आहे, डिप्लोमाला असताना मी तो दोनदा वाचला. पण तुलना करायला दोन पगार लागतात. कोयत्यात पगार एकच आहे. आईचा पगार वडिलांपेक्षा कमी होता का? नाही. तिला पगारच नव्हता. कायद्याचा तराजू हातात घेतला तर एका पारड्यात ठेवायला काही नाही.

तीच गत स्थलांतराच्या कायद्याची. १९७९ चा कायदा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा. ठेकेदाराने नोंद करायची, प्रवासभत्ता द्यायचा, विस्थापनाचा भत्ता द्यायचा. बीडची जोडी कर्नाटकात गेली तर तो लागू. तीच जोडी कोल्हापूरला गेली तर नाही, कारण राज्याची सीमा ओलांडली नाही. मुकादम तोच, उचल तीच, कोपीही तीच पाचटाची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, २९ कायदे त्यांत विरघळले, तरी स्थलांतरित म्हणजे दुसऱ्या राज्यातून आलेला, ही व्याख्या तशीच राहिली. ही फट दिल्ली बुजवणार नाही, कारण ती दिल्लीच्या नजरेतच येत नाही. ती आपल्याच आठ जिल्ह्यांच्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या मधल्या रस्त्यावर आहे.

आणि मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी काय, मीही उचल उचलूनच आणलीय. हे कोडं महाराष्ट्राला नवीन नाही. हमालांचा मालक कोण, हा प्रश्न १९६९ मध्ये असाच पडला होता. दुकानं पन्नास, हमाल एक. तेव्हा माथाडी कायदा करून मंडळच मधे बसवलं. मालकांनी नोंद करायची, मजुरी आणि वरची लेव्ही (अधिभार) मंडळात भरायची, मंडळाने हमालाच्या नावावर द्यायची. त्यासाठी कुणी दिल्लीच्या कायद्याची वाट बघत बसलं नाही.

ऊसतोड कामगारांसाठी आपण महामंडळ काढलंत, गोपीनाथरावांच्या नावाचं. कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं, मुलांसाठी वसतिगृहं निघाली, ग्रामसेवकाकडून ओळखपत्रं मिळू लागली. मी नाकं मुरडत नाही, माझ्या चुलतभावाची मुलगी अशाच एका वसतिगृहात शिकते. पण ओळखपत्र मिळालं तरी हिशेब कोयत्याचाच राहिला. मजुरी बाईच्या खात्यावर येत नाही तोवर त्या ओळखपत्राचा उपयोग गळ्यात अडकवायला.

२०१९ मध्ये आपल्याच विधिमंडळातल्या नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्याचा आकडा आला. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यावर बरंच लिहून आलं, डॉक्टरांवर बोट दाखवलं गेलं, ते योग्यच. पण खाड्याबद्दल कमी बोललं गेलं. एक दिवस फडात गेलं नाही की खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे हिशेबातून वळते होतात. पाळीच्या दिवसांत झोपून राहिलं तर खाडा, बाळंत झाली तर खाडा. १९२९ मध्ये गिरणीतल्या बाईला जी रजा मिळाली, ती फडातल्या बाईला अजून दंड भरून घ्यावी लागते.

फडाबद्दल एवढं पुरे. आता एमआयडीसीकडे येते. माझ्या टेबलासमोर घडलेलं सांगते, कारखाना आणि ठेकेदार कोण ते विचारू नका.

हेल्परची भरती होती. ठेकेदाराचा सुपरवायझर माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसलेला. गंगापूर तालुक्यातला एक मुलगा आला, आयटीआय झालेला, कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट घातलेले. नाव विचारलं. त्याने स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं आणि थांबला. सुपरवायझरचं पेन हवेत. “पुढं?” मुलाने आडनाव सांगितलं. “गावात घर कोणत्या बाजूला?” तेही त्याने सांगितलं. पेन कागदाला लागलंच नाही. “कळवतो.” त्याच्या मागे उभ्या असलेल्या पोराला, ज्याच्याकडे आयटीआय नव्हतं, त्याच दिवशी गेटपास मिळाला. तो मीच बनवला.

जेवणाच्या सुट्टीत मी सुपरवायझरला विचारलं. तो काही खलनायक नाही, चहा नेहमी तोच पाजतो. म्हणाला, “ताई, लाइनवर एकत्र डबा खायचा असतो. उगाच कटकट नको.” धोट्यावरून डब्यावर आलो, बाकी तेच. मुसलमान मुलांच्या बाबतीत त्याचं कारण वेगळं असतं, आणि कुठल्याही जातीच्या लोकल पोराच्या बाबतीत तिसरंच : “लोकल नको, युनियन करतात.” कारणांना तोटा नाही.

मी घरी येऊन पुस्तकं काढली. या मुलाला कामगार अधिकाऱ्याकडे कुठल्या कलमाखाली पाठवावं? अनुच्छेद १६ सरकारी नोकरीपुरता. समान वेतनाचा कायदा, आणि आता वेतन संहितेचं कलम ३, फक्त लिंगापुरतं. जातीचा, धर्माचा त्यात उल्लेख नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात भरती, बदली, बढती, पगार यांत भेद करायचा नाही असं छान लिहिलंय, तेही स्त्रियांपुरतं. शिवाय तो कायदा आला तोच दहा किंवा जास्त कामगार असतील तिथल्यापुरता. १९४८ चा जुना कायदा एका नोकराच्या दुकानालाही लागू होता. २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने तर दहाचे वीस करायचं ठरवलं. गुलमंडीवर किंवा लातूरच्या गंजगोलाईत एक फेरी मारा आणि वीस नोकर असलेली दुकानं मोजून या, बोटं उरतील.

१९७१ चा महाराष्ट्राचाच अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे. त्याच्या चौथ्या अनुसूचीत गुणवत्ता न बघता एका गटाला झुकतं माप देणं ही अनुचित प्रथा आहे. आशा वाटली. पण २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर या कायद्याखाली तक्रार चालणार नाही. ठेक्यावरच्या माणसाचं नातं कायमच वादात असतं, ठेका त्यासाठीच तर असतो. आणि हा मुलगा तर अजून आतही आला नव्हता.

राहिला १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि ॲट्रॉसिटीचा कायदा. त्यांत नोकरीचा उल्लेख आहे. पण तो रस्ता पोलीस ठाण्यातून जातो. गुन्हा, पंचनामा, साक्षीदार. साक्षीदार कोण? मी. कळवतो म्हणणं हा गुन्हा कसा शाबीत करायचा? त्या मुलाला कुणाला तुरुंगात घालायचं नव्हतं, त्याला हेल्परचं काम हवं होतं. आपल्याकडे या भेदभावाला फौजदारी औषध आहे, कामगार खात्याचं औषध नाही. मराठवाड्यात, जिथे विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ माणसं झगडली, घरं जळाली, तिथे कोणत्याही तक्रारीला पोलिसांत नेलं की ती गावाची होते, त्या एका माणसाची राहत नाही. म्हणूनच मला कामगार अधिकाऱ्याचं टेबल हवंय. त्याला आता संहितेत निरीक्षक-तथा-सुविधाकार असं लांबलचक नाव दिलंय. सुविधा कुणाची ते लिहिलेलं नाही. आपण लिहावं.

दुसरी गोष्ट सांगायला मला जड जातंय. पॅकिंग लाइनवरची एक बाई, ठेक्यावरची. सात महिन्यांनी ब्रेक द्यायची पद्धत आहे, दहा-पंधरा दिवस बाहेर, मग नवा गेटपास. तिला ब्रेक दिला तेव्हा गरोदरपणाचा सहावा महिना होता. परत आली तर ठेकेदाराने यादीतून नाव काढलेलं. ती यादी मी टाइप केली होती. जुना गेटपास तिने माझ्या टेबलावर ठेवला, फोटोवर बोट फिरवलं आणि गेली. तिचे ईएसआयचे हप्ते कापले गेले होते, ७० दिवसांची अट तिने केव्हाच ओलांडली होती. ईएसआयकडे प्रसूतीच्या लाभासाठी अर्ज करता येतो, हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ठेकेदाराचा माणूस समोर बसलेला होता आणि मी गप्प बसले. कायदा होता, हप्ते होते, तो वाचलेली बाई त्या खोलीत होती, आणि तरी काही झालं नाही. म्हणून म्हणते, नुसतं ‘भेद करू नये’ असं लिहून भागणार नाही.

विधेयकात काय असावं, तर माझ्या टेबलावरून मला दिसतं ते असं. माणसांच्या संख्येची अट नको, एक नोकर असला तरी लागू. ज्याला नाकारलं किंवा यादीतून काढलं, त्याने मागितलं तर कारण लेखी द्यायचं. ही एक गोष्ट केली तरी अर्धं काम होईल, कारण ‘डबा एकत्र खायचा असतो’ हे लेटरहेडवर कुणी लिहीत नाही. नाकारण्याचं कारण भेदाचं नव्हतं हे पटवायची जबाबदारी मालकावर. ठेकेदार आणि मूळ मालक, दोघेही जबाबदार. तक्रार कामगार अधिकाऱ्याकडे, मुदत ठरलेली, आणि उपाय नोकरीचा किंवा भरपाईचा, तुरुंगाचा शेवटी. कोयत्याच्या बाबतीत दोन नावं, दोन खाती, टनाचा हिशेब अर्धा-अर्धा. बाळंतपणाचा आणि पाळीचा खाडा कापला तर ती बेकायदा वसुली. राज्यातल्या राज्यात स्थलांतर करणाऱ्यालाही स्थलांतरित म्हणायचं.

फार मोठी उडी वाटत असेल तर न्यूयॉर्क राज्याकडे बघा. तिथल्या विधिमंडळाने १९४५ मध्ये वंश, धर्म, वर्ण आणि मूळ देश यांवरून खासगी नोकरीत भेद करायला बंदी घातली आणि ती राबवायला आयोग नेमला. साऱ्या अमेरिकेसाठी कायदा झाला १९६४ ला. आपल्याकडे सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग सुचवला, लोकसभेत एक खासगी विधेयकही येऊन गेलं. दोन्ही तसेच राहिले. पण २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा महाराष्ट्राने केलाच ना? गावकीने वाळीत टाकणं गुन्हा ठरवता येतं, तर ठेकेदाराने वाळीत टाकण्यावर का गप्प बसायचं?

उद्योग पळून जातील, असं आपल्यातलं कुणीतरी म्हणेल. माझ्या कारखान्याचे परदेशी गिऱ्हाईक दरवर्षी ऑडिटला येतात आणि भेदभाव होत नाही असं आमच्याकडून लिहून घेतात. त्या कागदावर सही आमचा मॅनेजर करतो, शिक्का मी मारते. गिऱ्हाइकाला हे लिहून देता येतं, तर राज्याला का नाही?

आणखी एक. डिसेंबरात आपण नागपूरला अधिवेशनाला जाता तेव्हा गाळप भरात असतं. आपले मतदार तेव्हा गावात नसतात, निवेदन घेऊन मोर्चाने येऊ शकत नाहीत. त्यामुळे निवेदन म्हणून हेच पत्र धरावं. सोबत वहीच्या त्या पानाची झेरॉक्स जोडते आहे, बाकीची एकवीस नावं झाकून. सेहेचाळीस प्रती काढल्यात. अकराव्या ओळीत वडिलांच्या नावाशेजारी थोडी मोकळी जागा आहे, तिथे मी पेन्सिलने काही लिहिलेलं नाही.

प्रत मिळाल्याची पोच द्यावी.

आपली नम्र,
टाइम ऑफिसमधली एक कारकून
वाळूज